उंच माणसाची सायकल: आधी हँडलचं बोला

‘उंच आहात ना, मग मोठी फ्रेम घ्या आणि सीट वर ओढा.’ जयपुरात रोड बाइक घ्यायला निघालेल्या सहा फुटांवरच्या माणसाला हा सल्ला फुकट मिळतो. वर पुस्ती असते, ‘सुरुवातीला पाठ-मान दुखणारच, मग सवय होते.’ सांगणारे भल्या मनाचे असतात. काही जण दर रविवारी आमेर-कूकसपर्यंत सायकल हाणून येणारेही असतात. म्हणूनच त्यांचं म्हणणं तपासायला हवं.

सीट फार खाली ठेवली तर गुडघे बोलू लागतात, हे त्यांचं म्हणणं रास्तच आहे. पण वर म्हणजे किती वर? इथे सूत्रं पुढे केली जातात. सायकलपटू ग्रेग लेमाँडमुळे गाजलेलं सूत्र म्हणतं, जांघेपासून जमिनीपर्यंतची पायाची लांबी गुणिले ०.८८३. तेवढं अंतर क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या, आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवा. दुसरं सूत्र सीटपासून खालच्या पेडलपर्यंत त्याच लांबीच्या १०९ टक्के मोजायला सांगतं. पाय ९३ सेंटिमीटरचा असेल, तर पहिल्या हिशेबानं ८२.१ सेंटिमीटर येतात. दुसऱ्यानं १७५ मिलिमीटरचा क्रँक वजा करून ८३.९ च्या आसपास. पावणेदोन सेंटिमीटरची तफावत! सूत्र सुरुवातीला बरं, पण निकाल गुडघ्यानंच द्यायचा.

खरी मेख मात्र पुढे आहे. रोड बाइकची सीटखालची नळी साधारण ७३ अंशांत मागे कललेली असते. म्हणजे सीट दहा सेंटिमीटर वर ओढली की ती जवळजवळ तीन सेंटिमीटर मागेही सरकते. हँडल मात्र जागच्या जागी. लांब पायांचा माणूस त्यामुळे एकाच वेळी जास्त वाकतो आणि जास्त ताणलाही जातो. मोठी फ्रेम घेतली तर हँडल थोडं वर येतं खरं, पण बहुतेकदा पुढेही जातं. पाय लांब आणि धड बेताचं असेल, तर मोठ्या फ्रेमनं वाकणं कमी होतं आणि ताण वाढतो.

त्याचा परिणाम हातांवर दिसतो. तास-दीड तासात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, कारण तळव्याच्या कडेनं जाणारी नस हँडलवर दाबली जाते. मग माणूस जाड हातमोजे घेतो, जेलची सीट घेतो, पॅडची चड्डी घेतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

‘सवय होते’ हा दावा तर अर्धाच खरा. स्नायू तयार होतात, पण त्यांनाही मर्यादा असते. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्यानं पूर्ण केलेली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत घ्या. १९८३ साली याच स्पर्धेत मायकेल शर्मर यांच्या मानेच्या स्नायूंनी हात टेकले आणि त्यांना डोकं वर धरता येईना. तेव्हापासून या दुखण्याला त्यांचंच नाव चिकटलं. इतकी तयारी केलेल्या माणसाची ही गत, तर आठवड्यातून एकदा सायकल काढणाऱ्या बँकेतल्या साहेबांना सवयीचं आश्वासन कशाला द्यायचं?

‘मग इंदुराइन कसा वाकायचा?’ असा प्रश्न येतोच. मिगेल इंदुराइन १८८ सेंटिमीटर उंच आणि सलग पाच टूर द फ्रान्स जिंकलेला. पण असे सायकलपटू पेडल इतक्या जोरानं मारतात की धडाचा बराच भार पायांवर तोलला जातो. हवेशी झुंजण्याचा त्यांना पगार मिळतो. आपल्याला मिळत नाही.

जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये महाराजा सवाई माधोसिंह पहिले यांचा अवाढव्य अंगरखा ठेवलेला आहे. तो शिवणाऱ्या शिंप्यानं महाराजांना ‘सवय होईल’ असं सांगितलं असेल, हे संभवत नाही.

तेव्हा क्रम उलटा करा. पायाच्या हिशेबानं सीट ठरली की ती तिथेच सोडा. हँडल जवळ यावं म्हणून सीट पुढे ढकलू नका. उरलेली सगळी दुरुस्ती हँडलकडे. हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा म्हणजे स्टेम; सहा अंशांचा १०० मिलिमीटरचा स्टेम उलटा बसवला, तर हँडल सुमारे दोन सेंटिमीटर वर येतं, तेही एक पैसा न खर्चता. एवढ्यानं भागलं नाही तर आखूड स्टेम. नवी सायकलच घ्यायची असेल, तर पुढची नळी उंच असलेली लांब पल्ल्याची फ्रेम बघा आणि ३२ मिलिमीटरचा टायर बसतो का ते विचारा. मात्र अगदी ताठ बसण्याच्या मोहात पडू नका. मग सगळा भार बुडावर येतो आणि प्रत्येक खड्डा थेट कण्याला कळतो.

परीक्षाही नीट घ्या. जवाहरलाल नेहरू मार्गावरच्या गुळगुळीत डांबरावर दहा मिनिटांत कुठलीही सायकल गोडच वाटते. आमेर रस्त्यावरून कनक घाटीनं नाहरगडावर चढा आणि ब्रेक धरून वळणं घेत उतरा. मनगटं काय म्हणतात ते तिथे कळेल.

आणि दुकानात एक गोष्ट पैसे मोजण्याआधी बजावून ठेवा. स्टेम ज्या नळीवर बसतो तिचा वरचा जास्तीचा तुकडा ‘दिसायला बरं’ म्हणून कापून टाकतात. कापलेली नळी परत वाढवता येत नाही. निदान महिनाभर सायकल चालवून होईपर्यंत त्या नळीला करवत लावू देऊ नका.