शाळेची वाट चालून कोण पाहणार?

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातील खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत कोयनेचा जलाशय पार करत आणि पलीकडच्या काठावरून जंगलातली पायवाट तुडवत शाळा गाठत. जानेवारी २०२२ मध्ये ही हकीकत वर्तमानपत्रांत आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. प्रसन्न वराळे आणि न्या. अनिल किलोर यांच्या खंडपीठाने तिची स्वतःहून दखल घेतली. मुंबईला बातमी नवी होती, पण गावातल्या प्रत्येक घराला ती वाट ठाऊक होती. राज्याचे तिकडे लक्ष जायला मात्र न्यायालयाला पुढे यावे लागले.

शाळेच्या वाटेवरचा धोका आधी कळतो तो मुलांना, त्यांच्या आयांना, चौकातल्या टपरीवाल्याला आणि एसटीच्या वाहकाला. रस्त्याचा निर्णय घेणाऱ्या कार्यालयांत यांपैकी कोणीच बसत नाही. ही दरी बुजवण्याची सोय महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. पालक, वाहतूक पोलीस, आरटीओ, शिक्षण विभाग, स्थानिक संस्था आणि बस कंत्राटदार यांचे प्रतिनिधी तिच्यात असावेत आणि तीन महिन्यांतून किमान एकदा तिची बैठक व्हावी. इतकी माणसे एका टेबलाशी आणणारी दुसरी व्यवस्था शाळेकडे नाही. तरी आपल्या शाळेच्या समितीत पालकांच्या वतीने कोण आहे, हे किती पालकांना सांगता येईल?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर अठरा वर्षांखालील ९,५२८ मुले दगावली. दिवसाला सव्वीस. ही सगळी शाळेच्या वाटेवरची नव्हेत. पण रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्याने मूल जाते ते शाळेलाच, आणि म्हणूनच या एका वाटेवरचा धोका आधीपासून ओळखता येतो, टाळताही येतो.

धोक्याचे रूप गावागणिक बदलते. कोकणात पावसाळ्यात साकव खचतो. पठारावर ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी वाहू लागते आणि सकाळी कोरड्या पायांनी गेलेले पोर संध्याकाळी पलीकडे अडकते. ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात रस्त्याकडेला उभे राहतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि त्याच कडेने सायकलवरची मुले येत असतात. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याचे काम कारखाना, पोलीस आणि गावातली तरुण मंडळे मिळून एका दिवसात करू शकतात. त्यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

मुलींच्या बाबतीत प्रश्न अपघातापुरता उरत नाही. अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण विद्यार्थिनींना एसटीचा मोफत पास मिळतो, मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बस त्यांच्यासाठीच धावतात. योजना चांगल्याच आहेत. पण संध्याकाळची गाडी तासभर उशिरा आली, थांब्यावर दिवा नसला आणि तिथे टवाळखोर पोरांचे टोळके बसलेले असले, तर घरात एकच वाक्य उच्चारले जाते: ‘पुरे झाली शाळा.’ मोफत पास पर्समध्ये राहतो आणि दहावीतली मुलगी घरी बसते. थांब्यावरचा एक दिवा, शाळा सुटण्याच्या वेळेशी जुळणारी फेरी, त्या वेळी तिथे थांबणारी गावातली दोन जबाबदार माणसे... एवढ्यावर एखादीचे शिक्षण टिकते किंवा तुटते.

जपानमध्ये बरीच मुले मोहल्ल्यातल्या गटाने पायी शाळेला जातात. मोठे मूल पुढे असते, पहिलीतली पोरे पिवळ्या टोप्या घालतात, चौकात झेंडी घेऊन आजी-आजोबा उभे असतात. या शिस्तीचे कौतुक आपल्याकडे पुष्कळ होते. पण एप्रिल २०१२ मध्ये क्योतो प्रांतातल्या कामेओका शहरात अशाच गटात एक मोटार घुसली आणि माणसे दगावली. तेव्हा ‘मुलांनी जपून चालावे’ असे सांगून तिथले प्रशासन थांबले नाही. शाळा, पोलीस आणि रस्ते विभाग यांनी मिळून देशभरातल्या शाळांच्या वाटा तपासल्या आणि सत्तर हजारांहून अधिक ठिकाणी सुधारणा हवी असे नोंदवले. आपण घ्यावी ती ही गोष्ट. आपल्याकडे जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येते, चित्रकला स्पर्धा होते, घोषणा होतात आणि सगळा उपदेश सहावीतल्या पोराच्या गळ्यात पडतो. फूटपाथ मात्र तसाच अडलेला राहतो.

इथे काही घडतच नाही असे नाही. मुंबईत भायखळ्याला मिर्झा गालिब मार्गावरच्या शाळेसमोर महापालिका, वाहतूक पोलीस आणि डब्ल्यूआरआय इंडिया ही संस्था यांनी विद्यार्थ्यांना विचारून रस्त्याची फेरआखणी करून पाहिली. मुलांना विचारले, हेच त्यातले महत्त्वाचे.

पालकांनाही यातून अंग काढून घेता येणार नाही. वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे बसलेल्या मुलाचे डोके उघडे, हे दृश्य रोजचे आहे. चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, हे २०१९ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. वडापमध्ये किंवा रिक्षात पोरे कोंबली जातात ती चालकाच्या लोभापायी, तशीच पालकांच्या नाइलाजापायीही. परवडणारी बस नसेल तर केवळ दंडाने ती रिक्षा बंद होणार नाही. भाडे, फेऱ्या, थांबे यांवर परिवहन समितीत पालकांसमोर बोलणे व्हायला हवे.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी समितीची पहिली बैठक मुख्याध्यापकांच्या खोलीत न घेता रस्त्यावर घ्यावी. सरपंच किंवा नगरसेवक, बीट अंमलदार, एसटी आगाराचा माणूस, दोन आया आणि पाच-सहा मुले यांनी घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत एकदा चालावे. पुढे मुलांनी चालावे आणि बोटाने दाखवावे, लिहून घेण्याचे काम मोठ्यांनी करावे. कोणते काम कोणत्या खात्याचे आणि कधीपर्यंतचे, याची यादी शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, आणि ऑगस्टच्या ग्रामसभेत ती विषयपत्रिकेवर यावी.