शरदातील सहल आणि वाटाड्या

पाऊस ओसरला, भातखाचरांवर पिवळेपणाची झाक आली आणि आकाश धुऊन काढल्यासारखे निळे झाले की शाळा-महाविद्यालयांच्या आणि कचेऱ्यांतील मित्रमंडळींच्या एकदिवसीय सहलींना भरती येते. पुण्याहून सुमारे ९५ किलोमीटरवर असलेले जुन्नर हे अशा सहलींचे आवडते ठिकाण. २०१८ साली राज्य शासनाने त्यास पर्यटन तालुका म्हणून घोषित केले, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांचा समावेश झाला त्यांत शिवनेरीही आहे. तेव्हा ही गर्दी वाढतच जाणार. प्रश्न आहे तो या गर्दीच्या हाती दिवसअखेर काय लागते, हा.

सहलीच्या छापील पत्रकावर साधारणतः शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट अशी चार-पाच स्थळे एकाच दिवशी कोंबलेली असतात. गतवर्षी आश्विनात प्रस्तुत लेखक शिक्षकांच्या अशाच एका सहलीत सामील झाला होता. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून मंडळी धापा टाकीत वर पोहोचली, गिरिजात्मजाचे दर्शन झाले, आणि सोबतच्या मार्गदर्शकाने घड्याळाकडे पाहून सर्वांना खाली पिटाळले. शेजारीच सहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह आहे, हे कोणी सांगितले नाही. ते चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने दिलेले दान होय, असे तेथील शिलालेखच सांगतो. हेरणिक म्हणजे सोनार अथवा सराफ. कल्याणच्या सराफाचा मुलगा एवढे द्रव्य वेचण्यास जुन्नरच्या डोंगरात का आला असेल? हा एक प्रश्न विद्यार्थ्यांपुढे टाकला असता तरी दिवस सार्थकी लागला असता.

कारण त्याचे उत्तर पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटरवर, नाणेघाटात, आहे. कोकणातील बंदरांहून देशावर येणारा माल याच खिंडीतून चढत असे, आणि कल्याण व जुन्नर ही या वाटेची दोन टोके होती. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेच्या घरात कोरीव कामे झाली ती या व्यापाराच्या बळावर. दात्यांत धान्य विकणाऱ्यांची श्रेणी आहे आणि संघासाठी भोजनमंडप देणारा चिट नावाचा यवनही आहे. घाटाच्या माथ्यावरील गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील, प्राकृत भाषेतील दीर्घ लेख आहे. तो साधारणतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो. यज्ञांची नावे, दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, गावे, कार्षापणे यांची मोजदाद त्यात आहे, आणि ती अंकांत लिहिली आहे. भारतीय अंकलेखनाच्या प्राचीन पुराव्यांत या लेखाचे स्थान फार वरचे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात या अंकांचा अभ्यास केला. गणिताच्या शिक्षकाने आपला वर्ग न्यावा अशी याहून योग्य जागा क्वचितच सापडेल. मागील भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज वर नावे वाचता येतात आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. त्या भिंतींच्या आसपास आपली व प्रियजनांची नावे कोरणारे महाभाग कोणत्या सहलीतून आले होते, हे विचारण्यात अर्थ नाही. तेथे काय लिहिले आहे ते त्यांना कोणी वाचून दाखविले नव्हते, एवढे मात्र निश्चित.

म्हणूनच सारा भार येतो तो वाटाड्यावर. परिसरातील शिकलेल्या तरुणांना लिपीची ओळख, लेखांतील मजकूर आणि आख्यायिका व इतिहास यांतील भेद एवढे शिकविणे काही अशक्य नाही. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, ही परंपरा त्याने अवश्य सांगावी. पण ‘असे परंपरा सांगते’ हे तीन शब्द जोडण्याची सवय त्याला हवी. अशी प्रशिक्षित माणसे नेमणे, त्यांच्या मानधनाचा दर ठरविणे आणि तो फलकावर लावणे, ही पर्यटन खात्याची कामे आहेत. आज हा तरुण मोबदल्यासाठी बसमालकाच्या मर्जीवर अवलंबून राहतो, आणि बसमालकाला पुढचे ठिकाण गाठावयाचे असते.

आयोजकांनीही मोह आवरावयास हवा. सकाळी नाणेघाट आणि दुपारी लेण्याद्री, एवढ्यावर दिवस संपवावा. शिवनेरी वगळला म्हणून कोणी रागावेल; परंतु शिवछत्रपतींचे जन्मस्थान दीड तासात उरकण्याजोगे नव्हे, त्यासाठी स्वतंत्र दिवस काढावा. पहाटे पाचला पुणे सोडले तर नऊच्या सुमारास घाटमाथा गाठता येतो. त्या वेळी उन्हाला धार नसते, सोनकीची पिवळी फुले अजून टिकून असतात, आणि धुके विरले की खाली कोकण दिसू लागते. मुलांना तेथे बसवून कल्याण कोणत्या बाजूस, ते बोटाने दाखवावे. मग गुहेत न्यावे.