वीस की तीस?

गेल्या पावसाळ्यात आमच्या कळव्यातील वस्तीच्या समाजमंदिरात शिष्यवृत्तीच्या फॉर्मविषयी सभा झाली. वर पत्रा, पत्र्यावर पाऊस आणि दोन्ही कोपऱ्यांत मुलांनी आणलेले मोठे बॉक्स. आवाज छातीत धडधडत होता. फॉर्मची शेवटची तारीख आम्हीच माईकवरून सांगितली, "वीस." मागच्या ओळीतल्या एका आजींनी ऐकले, "तीस."

धुणीभांडी करून नातीला शिकविणाऱ्या त्या आजी पंचवीस तारखेला कागदपत्रांची पिशवी घेऊन आमच्या दारात आल्या. मुदत संपून गेली होती. नातीचे वर्षाचे पैसे बुडाले. आजी रागावल्या नाहीत. "माझेच कान गेले, बाबा," एवढेच म्हणाल्या. पण कान त्यांचे गेले नव्हते. दोष आमच्या सभेचा होता.

मुले म्हणाली, "पुढच्या वेळी डीजे लावू." आम्ही म्हटले, थांबा. आवाज कमी नव्हता, तो स्पष्ट नव्हता. 'वीस' आणि 'तीस' यांत फरक फक्त पहिल्या अक्षराचा. आपल्या बोलण्यात स्वर भारदस्त असतात, खालच्या पट्टीत घुमतात. त, स, ठ ही व्यंजने नाजूक. त्यांची ओळख पटते ती मुख्यतः वरच्या पट्टीत, २००० ते ४००० हर्ट्झ आणि त्याच्याही वर. पत्र्यावरचा पाऊस नेमका हाच भाग गिळतो. बॉक्सचा आवाज वाढवला की घुमणेही तेवढेच वाढते. हवा होता तो कर्णा, ज्याला आपण भोंगा म्हणतो.

खाडीपलीकडे हाक मारताना माणूस तोंडाभोवती दोन्ही हात धरतो. कर्णा तेच काम करतो. उघड्या स्पीकरचा पडदा हलतो, पण हवा इतकी हलकी की त्याचा जोर तिला नीट लागतच नाही. दिलेल्या विजेतला शंभरातला एखादाच भाग आवाज बनतो. कर्ण्याच्या अरुंद गळ्यात हवा कोंडली जाते, पडद्याला तिचा टेकू मिळतो, आणि चांगल्या कर्ण्यात शंभरातले दहा-वीस भागही आवाज होऊन बाहेर पडतात. म्हणून छोटा अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. कर्ण्यामागे बसतो तो कंप्रेशन ड्रायव्हर; बाजारात नुसते 'युनिट' म्हणतात. त्याचा पडदा गळ्याच्या भोकापेक्षा मोठा असतो, म्हणून हवा दाबली जाते. अमेरिकेत १९२६ साली वेन्टे आणि थुरास या दोघांनी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीसाठी ५५५ क्रमांकाचे असे युनिट बनविले, आणि बोलपटांच्या थिएटरांत पडद्यामागे मोठमोठे कर्णे बसले.

आमचे शिक्षण बी.कॉम. कर्ण्याचे गणित पाहिले आणि आम्ही हसलोच. ते चक्रवाढ व्याज निघाले! ठरावीक अंतरावर क्षेत्रफळ दुप्पट होत जाते. ४०० हर्ट्झपासून वरचा आवाज हवा असेल तर दर पावणेपाच सेंटिमीटरला दुप्पट. गळा एक इंचाचा, म्हणजे सुमारे ५ चौरस सेंटिमीटर. मग १०, २०, ४०, ८०, १६०, ३२० आणि ६४०. सात वेळा दुप्पट झाले की लांबी ३३ सेंटिमीटर आणि तोंडाचा व्यास साडेअठ्ठावीस सेंटिमीटर.

युनिट आम्ही लॅमिंग्टन रोडवरून आणले. आयटीआय केलेल्या पुतण्याने या मापांच्या पुठ्ठ्याच्या आठ चकत्या एका दांड्यात ओवल्या, मधली जागा प्लॅस्टरने भरून साचा केला. साच्यावर प्लॅस्टिक, त्यावर खळ लावलेल्या रद्दीचे दहा थर. वाळल्यावर साचा रुंद तोंडाकडून काढला, आतबाहेर ऑइलपेंट दिला, मागे प्लायवूडची चकती लावून युनिट घट्ट बसविले. फट राहिली तर हवा निसटते. १९३० च्या सुमारास इंग्लंडमधील ई.एम.जी. ग्रामोफोनचे कर्णेही कागदाच्या लगद्याचेच होते. तेव्हा रद्दीला हसू नये.

एक सावधगिरी. भारी खालचा आवाज युनिटचा नाजूक पडदा फाडतो. म्हणून ८ ओहमच्या युनिटला तारेत २० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर जोडावा. सुमारे १००० हर्ट्झच्या खालचा आवाज तो रोखत जातो. तेवढे काम जुन्या बॉक्सने हळू आवाजात करावे. पहिल्या दिवशी कर्णा शिट्टी मारू लागला, कारण माईक त्याच्या समोर होता. माईक मागे घेतला, कर्णा उंचावर बांधून तोंड किंचित खाली, शेवटच्या ओळीकडे केले. शिट्टी थांबली.

मग परीक्षा. माईकवर उभी राहिली ती आजींची नात. आजी मागे, भिंतीशी. बाहेर पाऊस. ती एकेक शब्द म्हणे, आजी परत सांगत: साठ, सात, पाच, आठ. शेवटी पोरगी म्हणाली, "वीस." आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वीस. आता ऐकू आलं गं." बुडालेले पैसे परत आले नाहीत. यंदाचा फॉर्म मात्र पहिल्याच दिवशी भरला.

वाचकहो, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा लावता येत नाही. कर्ण्याचा आवाज जिकडे तोंड तिकडेच जास्त जातो. ते आपल्या श्रोत्यांकडे करा, शेजारच्या आजाऱ्याच्या खिडकीकडे नको. आणि पुढच्या सभेआधी एक माणूस शेवटच्या ओळीत बसवून त्याला एवढेच विचारा, "काय ऐकलेस? वीस की तीस?"