कानांनी वाचणारे

दुसऱ्याने वाचून दाखवलेले वर्तमानपत्र हे निम्मेच वर्तमानपत्र असते. वाचणारा कितीही मायेचा असो, तो आपल्या आवडीचे मथळे आधी घेतो, नावडते गाळतो, मध्येच चहा प्यायला उठतो आणि ‘बाकी काही विशेष नाही’ म्हणून घडी घालून मोकळा होतो. ऐकणाऱ्याला नेमके ते ‘बाकी’च हवे असते. त्याला ठेवींचे व्याजदर हवे असतात, जाहीर नोटिसा हव्या असतात आणि तोंडाने तो कधी कबूल करणार नाही, पण निधनवार्ताही हव्या असतात. आता ‘आधी निधनवार्ता वाच रे’ असे नातवाला सांगायला कोणत्या आजोबांची जीभ रेटेल?

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या काकांना मी हे दोन वर्षे सोसताना पाहिले. काकांनी उभा जन्म हिशेबनिसाच्या खुर्चीवर काढला. दुसऱ्याने केलेली बेरीज स्वतः पुन्हा केल्याखेरीज त्यांनी कधी सही ठोकली नाही. अशा माणसाला काचबिंदूने गाठले. हा रोग मोठा चोरपावलांचा. बहुधा दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेची नजर आधी नेतो, पत्ता लागेपर्यंत पुष्कळसे नेलेले असते आणि नेलेले परत मिळत नाही. काकांची वाचण्यापुरती नजर गेली, तेव्हा घरच्यांनी त्यांना काही कमी पडू दिले नाही. मुलगा वर्तमानपत्र वाची, सूनबाई औषधांची नावे वाची, नातू मोबाइलवरचे निरोप वाची. तरी एके दिवशी जिन्याशी थांबून काका मला म्हणाले, “मास्तर, सगळे माझ्यासाठी वाचतात हो. पण बँकेचं पत्र मुलगा मोठ्यानं वाचतो आणि मुलाबद्दलचं पत्र सून वाचते. मला ठाऊक आहे आणि घरात दुसऱ्या कुणाला नाही, असं आता एक वाक्यसुद्धा उरलेलं नाही.”

या सदराच्या वाचकांना ठाऊकच आहे की माझा धंदा मराठी शिकवण्याचा. यंत्रांशी माझे सख्य बेताचेच. पण काकांचे ते वाक्य काही केल्या मनातून जाईना.

ऐकून वाचणे हे आपल्याला नवे नाही. नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाचा. चातुर्मासात पोथी एकाने वाचावी आणि आळीने ऐकावी. पोस्टमनने पत्र आणावे आणि त्यानेच ते वाचूनही दाखवावे. विदर्भातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच अंध झाले. पण इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन आणि इतरांना मजकूर सांगून त्यांनी एवढी ग्रंथरचना केली की ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले की आजही त्यांचे नाव आठवते. मात्र त्यासाठी भोवती सतत कोणीतरी वाचणारे हवे. जन्मभर पुरतील इतके वाचक किती अंधांच्या वाट्याला येणार? लुई ब्रेल याने हा प्रश्न बोटांनी सोडवला. त्याची ठिपक्यांची लिपी १८२९ साली प्रसिद्ध झाली. आपल्या देशातील भाषांसाठी १९५१ साली भारती ब्रेल ठरली. परंतु साठी उलटल्यावर बोटांना नवी लिपी शिकवणे सोपे नाही. राहता राहिला कान.

इंटरनेटवरची पाने संगणकाच्या ज्या खिडकीतून पाहायची तिला ब्राउझर म्हणतात, हे आता शाळकरी मुलांनाही सांगावे लागत नाही. या ब्राउझरला बाहेरून एखादे जादा काम जोडता येते. झाडावर कलम बांधावे तसे. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील विद्यालयात शिकणाऱ्या चार्ल्स चेन यांनी फायरफॉक्स या ब्राउझरसाठी असेच एक बोलके कलम तयार केले. त्याचे नाव ‘फायर व्हॉक्स’. ते फुकट होते आणि त्याची घडणही सर्वांना खुली होती. त्याच्या मुळाशी असलेला विचार साधा आहे. पानाचे दर्शनी रूप पाहायचेच नाही. ज्या मजकुराने आणि ज्या खुणांनी ते पान बांधलेले असते त्यांच्यातच शिरायचे. हा मथळा, हा परिच्छेद, ही लिंक, येथे नाव लिहायचे, हे बटण दाबायचे, अशा खुणा पानाच्या पोटात असतात. त्या उचलून आवाजाच्या यंत्राच्या हाती दिल्या की पान बोलू लागते.

चेन पुढे गूगलमध्ये गेले. तेथे टी. व्ही. रामन यांच्या सहवासात क्रोम या ब्राउझरसाठी ‘क्रोमव्हॉक्स’ घडले. हे रामन मूळचे आपल्याकडले, हे पुष्कळांना माहीत नसेल. १९६५ साली जन्मलेले रामन वाढले पुण्यात. चौदाव्या वर्षी त्यांची उरलीसुरली नजर गेली. रोग तोच, काचबिंदू. भाऊ आणि इतर मंडळी पुस्तके वाचून दाखवीत. त्या आधारावर त्यांनी पुणे विद्यापीठाची गणिताची पदवी घेतली, पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकले आणि तेथून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९९४ साली त्यांनी डॉक्टरेटसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा प्रश्नच असा होता की गणिताचे समीकरण कानाने वाचायचे कसे? आपण समीकरणावर नजर फिरवतो, नको ते ओलांडतो, हव्या त्या कंसात शिरतो. ऐकणाऱ्याला मात्र ध्वनिफितीमागून मुकाट्याने चालावे लागते. रामन यांच्या योजनेत वर चढवलेला घातांक चढ्या स्वरात ऐकू येई आणि ऐकणाऱ्याला समीकरणाच्या वाटेल त्या भागात स्वतः हिंडता येई. या योजनेचे ‘ॲस्टर’ हे नाव त्यांच्या वाटाड्या कुत्र्याचेही होते.

मला यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट आवाज वाटत नाही. आवाज काय, मुलाचाही असतो आणि तो यंत्राहून कितीतरी गोड असतो. मोलाचे आहे ते हिंडणे. कोठे थांबायचे, काय गाळायचे, काय तीनदा ऐकायचे हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. वाचन म्हणजे दुसरे काय असते?

काकांसाठी काय बसवावे याची मी माहितगारांकडे चौकशी केली. ब्राउझरवरच्या कलमाचे आयुष्य झाडाच्या मर्जीवर असते. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सने जोडण्यांची जुनी पद्धत बंद केली, तेव्हा जुन्या घडणीची कितीतरी कलमे एका दिवसात वाळली. शिवाय ब्राउझरपुरता आवाज मिळाला, तरी बाकीचा संगणक मुकाच राहतो. म्हणून सर्वांचे मत पडले की सबंध पडदा वाचणारा कार्यक्रमच घ्यावा. तो ब्राउझरही वाचतो, पत्रेही वाचतो, हिशेबाचे तक्तेही वाचतो. त्यांपैकी ‘एनव्हीडीए’ हा ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ साली सुरू केला. जेम्स टेह हे त्यांचे जोडीदार. दोघेही अंध, आणि दोघांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात झालेली. असे कार्यक्रम तेव्हा इतके महाग होते की संगणकापेक्षा त्याच्या वाचेलाच जास्त पैसे पडावेत. डोळसाला जे वाचायला जादा दाम पडत नाही, ते वाचायला आंधळ्याने का मोजावेत, हा या दोघांचा सवाल. म्हणून एनव्हीडीए फुकट आहे. ज्याला वाटेल त्याने देणगी द्यावी.

रविवारी सकाळी आम्ही काकांच्या टेबलाशी जमलो. नातू बारावीतला, त्याने सराईतपणे माऊस हातात घेतला. काका म्हणाले, “हात काढ. मी बसवणार.”

“अहो आजोबा, माझं दोन मिनिटांचं काम आहे!”

“असू दे. किल्ली दुसऱ्यानं करून आणली, तर कुलूप माझं कसं?”

आता पेच असा की बोलणारा कार्यक्रम बसेपर्यंत संगणक मुका. आंधळ्याने मुक्याला वाट कशी विचारावी? पण हा पेच आधीच कोणी तरी सोडवून ठेवला आहे. विंडोजच्या अलीकडच्या संगणकांत ‘नॅरेटर’ नावाचा एक वाचक मुळातच असतो. कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकदम दाबल्या की तो बोलू लागतो. काकांच्या बोटांना अक्षरांच्या जागा कचेरीतल्या दिवसांपासून पाठ होत्या. शिवाय ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवर बारीक उंचवटा असतो, त्यावरून बोटे आपली जागा ओळखतात. काकांनी तीन कळा चाचपून दाबल्या आणि संगणकाला कंठ फुटला.

पुढचे सारे त्यांनी त्या आवाजाच्या बोटाला धरून केले. पत्ता टंकला, कार्यक्रम उतरवून घेतला, उघडला. क्षणभर छोटीशी सुरावट वाजली आणि एनव्हीडीए स्वतःच बोलू लागला! अजून तो बसवलेला नसतो, पण ‘मला कसे बसवायचे’ हे तो स्वतःच सांगतो. मला ही गोष्ट फार आवडली. पाहुण्याने दाराशी उभे राहून यजमानाला कडी कोठे आहे ते सांगावे, तसेच हे. मात्र नॅरेटर बंद केला नव्हता, त्यामुळे काही वेळ एका मांडवात दोन कीर्तनकार उभे राहिले. पुन्हा त्याच तीन कळा दाबल्यावर एक जण खाली बसला. मग अटी मान्य असल्याची खूण काकांनी केली, ‘या संगणकावर बसवा’ या अर्थाचे बटण टॅबच्या कळेने शोधले आणि एंटर दाबला. नातवाच्या दोन मिनिटांच्या कामाला चाळीस मिनिटे लागली. त्या चाळीस मिनिटांत काकांना चहाची आठवण झाली नाही.

एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या आवाजाला मराठीही येते. पण ती मराठी ऐकून आमच्यासारख्यांच्या अंगावर शहारे यावेत. उच्चार यंत्राचे, ठसका रोबोचा. मी तसे म्हणताच काका म्हणाले, “उच्चार राहू द्या, मास्तर. हा मध्येच उठून तर जात नाही!” आठवड्याभरात त्यांना ‘एच’ दाबून मथळ्यांवरून आणि ‘के’ दाबून लिंकांवरून उड्या मारता येऊ लागल्या. कंट्रोलची कळ दाबली की बोलणारा तत्काळ गप्प होतो, हे कळल्यावर तर काकू म्हणाल्या, “अशी कळ आम्हाला चाळीस वर्षांपूर्वी मिळायला हवी होती!” त्यानंतर काका कानाला यंत्र लावून पुष्कळ वेळ बसले होते. काय वाचत होते ते त्यांनी सांगितले नाही. आम्ही विचारलेही नाही.

पण गोष्ट येथे संपत नाही. खरी अडचण पुढेच आहे. हा वाचक मजकूर वाचतो, चित्र नव्हे. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून तो संगणकावर चढवला, की डोळसाला ते पान दिसते; पडदावाचकाला पुष्कळदा तेथे एक चित्र आहे एवढेच कळते. मराठीची आणखी एक घरगुती कहाणी आहे. देवनागरी अक्षरांना जगन्मान्य संकेत देणारे युनिकोड १९९१ सालीच आले. तरी जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवून टंकण्याची सवय आपल्याकडे वर्षानुवर्षे टिकली. पडद्यावर ‘कमळ’ दिसते, पण पोटात इंग्रजी अक्षरांची कडबोळी असतात, आणि आवाज बिचारा ती कडबोळीच वाचतो. शुद्धलेखनासाठी हिरिरीने भांडणारे आम्ही मराठीचे लोक. हे पोटातले अशुद्धलेखन कोणी पाहायचे?

कायदा याबाबतीत मागे नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात पुस्तके अंधांना वाचता येतील अशा रूपात करून देण्याची मुभा आली. त्याच हेतूने २०१३ साली झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच, साल २०१४. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. पण कायद्याला टंकता येत नाही. टंकायचे ते तुम्हाआम्हालाच.

म्हणून, वाचकहो, या दिवाळीत एक छोटेसे काम करा. तुमच्या नात्यागोत्यात नजर अधू झालेले कोणी असेल, तर फराळाचा डबा देऊन लगेच उठू नका. त्यांच्या संगणकावर किंवा मोबाइलवर बोलता वाचक सुरू होतो का पाहा; मोबाइलमध्ये तो बहुधा आधीपासूनच असतो. मात्र कळ त्यांनाच दाबू द्या. वेळ लागला तर लागू द्या. आणि पणतीचे, रांगोळीचे, सोनेरी अक्षरांचे ते चित्र शंभर जणांना पाठवाल, तेव्हा त्याखाली दोन शब्द स्वतः टंका. चित्र दिसणाऱ्यांना ते जादा वाटतील. पण एखाद्याच्या कानात त्या दिवशी तेवढीच दिवाळी वाजेल.