मावशीला म्युझियमला घेऊन जा

मुंबई-ठाण्याच्या बेने इस्राएल घरांतून कोणी ना कोणी अश्दोद, लोद, दिमोना किंवा बीरशेवाला नातेवाइकांकडे निघतच असतं. हल्ली नातवंडं म्हणतात, नुसतं भेटून यायचं नाही, घराण्याचा मागही काढायचा. उत्तम. तिकडची परिस्थिती आणि सरकारी सूचना पाहून खुशाल जा. माझी विनंती एवढीच, की जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमसाठी अख्खा दिवस राखून ठेवा आणि तिकडे असलेल्या घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला, समजा मावशीला, सोबत न्या.

बहुतेक जण मृत समुद्राकाठी सापडलेल्या हस्तलिखितांचं दालन बघतात, फोटो काढतात आणि निघतात. ते दालन बघावंच, पण नंतर. आधी ज्यू कला आणि जीवनाच्या विभागात जा. तिथे इटली, जर्मनी, सुरीनाम आणि कोचीन इथल्या चार सिनेगॉगांचे अंतर्भाग उभे केले आहेत. सुरीनामच्या सिनेगॉगात जमिनीवर चक्क वाळू पसरलेली असते. मुलांना ते भारी आवडेल.

मोठ्यांनी मात्र कोचीनपाशी थांबावं. हे मट्टानचेरीचं कडवुंभागम सिनेगॉग. मान वर करून छत बघा. ते कोरीव लाकडाचं आहे आणि केरळच्या सुतारांचा हात लगेच ओळखू येतो. तोरा ठेवण्याचं कपाट परूरच्या सिनेगॉगातून आलेलं आहे. हे आपलं सिनेगॉग नव्हे, हे मुलांना तिथेच सांगा. त्यांची भाषा मल्याळम, आपली मराठी. ते मलबारचे, आपण कोकणातले. तिकडे जन्मलेल्या पोरांना 'इंडियन' म्हटलं की सगळे एकच वाटतात.

आता मावशीला बोलतं करा. "आपला इतिहास सांग" म्हणालात तर ती "मला काय माहीत, पुस्तकात बघ" म्हणेल. त्यापेक्षा विचारा: मावशी, अलिबागला सिनेगॉगात तू कुठे बसायचीस? दिव्यात तेल कुठलं घालायचे? मलिद्याचे पोहे कोण भिजवायचं, नारळ कोण खवायचं? पेसाहची भांडी वर्षभर कुठे असायची? समोर दिवा, पडदा, कपाट दिसत असलं की घरच्या वस्तू आपोआप आठवतात. तिची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. बोलता बोलता 1964 चं आंदोलनही निघेल. रब्बींनी आपल्या माणसांच्या लग्नांना अटी घातल्या म्हणून आपले लोक जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसले होते. अशा वेळी घड्याळ बघू नका, पुढची दालनं राहिली तर राहू देत.

निघण्यापूर्वी इथली ट्रंकही उघडा. लग्नाचा केतुबा, जुने फोटो, मराठी हगादा, जे सापडेल त्याचे फोटो काढून न्या. मूळ वस्तू विमानात नेऊ नका. पुण्याला 1874 मध्ये छापलेल्या हगादात साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत. अशी प्रत घरात निघाली तर तिला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. आणि कोणी "संग्रहाला देऊन टाका" म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. आधी भावंडांना विचारा.

तेल अवीव विद्यापीठाच्या आवारात 'अनू' हे ज्यू लोकांचं संग्रहालय आहे. तिथे आडनावांच्या आणि वंशवृक्षांच्या नोंदी ठेवतात. जाताना नुसतं पेणकर, रोहेकर सांगून भागणार नाही. आडनावावरून गाव कळतं, माणूस कळत नाही. आजोबा-पणजोबांची नावं, गाव आणि लग्नाचं साल मराठीत आणि हिब्रूत लिहून न्या. रोमन लिपीत तर किहीमकर एकाच घरात दोन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, तेव्हा सगळी स्पेलिंगं लिहा.

शुक्रवारी दुपारनंतर बेत आखू नका. शब्बाथ लागला की जेरुसलेमच्या बस बंद होतात, त्या शनिवारी संध्याकाळपर्यंत. आठवड्याच्या मधला वार धरा आणि वेळा आदल्या दिवशी तपासा. म्युझियमचा परिसर मोठा आहे, चढउतार आहे. दारातच चाकाची खुर्ची मिळते का विचारा. मावशी "मी काय म्हातारी झाले का?" म्हणेल. तरी विचारा.