कार्ड वीक नाहीये हो!

मागच्या रविवारी जेवून मस्त ताणून द्यायचा बेत होता. साडेबाराला पंतनगरहून मावसभावाचा फोन. "दादा, उद्या लॅमिंग्टन रोडला येतोस का? हाफ डे टाकतोय. नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय."

अरे, आत्ता २०२३ मध्ये तर घेतलं होतंस! पहिल्या नोकरीचे पगार साठवून एकेक पार्ट जमवलेला हा त्याचा पीसी. रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, ३२०० च्या दोन रॅम आणि १२ जीबीचं आरटीएक्स ३०६०. घरात यावरून महाभारत झालेलं. काकांचं म्हणणं, एवढ्या पैशात सोनं आलं असतं. (या घडीला काका बरोबर आहेत, पण ते त्यांना सांगायचं नाही. :) )

तक्रार अशी की जो गेम पूर्वी सत्तरच्या आसपास फ्रेम द्यायचा, तो आता चाळीसवर आलाय आणि मधेच पंचविशीवर आपटतो. त्याने पीसी न बघणाऱ्या एका दुकानदाराला फोनवर विचारलं. उत्तर तयारच होतं, "भाई, कार्ड वीक हो गया है. पुराना दे दो, नया ले जाओ." वरचा फरक पंचवीस हजार!

म्हटलं थांब, मी येतोय. झोप गेली ती गेलीच.

आता मुद्दा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काही टॉर्चचा सेल नव्हे, की वापरून वापरून उजेड मंद होत जावा. पंख्यात धूळ बसते, चिपवरची पेस्ट सुकते, मग कार्ड तापतं आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतं, हे खरं. पण मग तापमान वाढलेलं दिसतं ना! ते बघायला फुकटात सॉफ्टवेअर मिळतं. आम्ही गेम चालू ठेवून बघितलं. तापमान ६२ अंश आणि कार्डाचा वापर ४५ टक्के.

हा ४५ चा आकडा नीट बघा. कार्ड खरंच कमी पडत असेल, तर ते ९७-९९ टक्क्यांवर घाम गाळताना दिसतं. ४५ टक्के म्हणजे ते रिकामं बसलंय आणि कोणाची तरी वाट बघतंय. पोळ्या लाटणारी एक बाई आणि भाजणाऱ्या चार, अशातली गत. तिथे पाचवी भाजणारी आणून काय होणार?

मग विचारलं, "हे कधीपासून होतंय?" हा प्रश्न त्याला तोवर कोणीच विचारला नव्हता. "पावसाळ्याआधी साफ करून आणला ना, तेव्हापासून."

बास! जीपीयू-झेड उघडलं. कार्ड पीसीआय एक्सप्रेस २.० च्या फक्त चार लेनवर चालत होतं. (हे गेम चालू असतानाच बघा. कार्ड निवांत असलं की वीज वाचवायला आकडा आपणहून खाली येतो आणि उगाच घाबरायला होतं.) साफ करणाऱ्याने कार्ड परत लावताना वरच्या स्लॉटऐवजी खालच्या लांब स्लॉटमध्ये बसवलं होतं. दिसायला दोन्ही सारखे. पण वरचा थेट प्रोसेसरला जोडलेला, ३.० च्या सोळा लेन, सेकंदाला साधारण १६ जीबी. खालचा चिपसेटमधून वळसा घालून येणारा, सेकंदाला साधारण २ जीबी. आठपट फरक!

रॅमचीही तीच कथा. दोन्ही कांड्या शेजारी शेजारी, म्हणजे सिंगल चॅनल. प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्या होत्या. त्यात बायोसचा सेल काढून घातलेला, त्यामुळे ३२०० ची रॅम गुपचूप २१३३ वर आलेली. सीपीयू-झेडमध्ये १०६६ दिसत होतं, त्याची दुप्पट धरायची.

एक स्क्रू-ड्रायव्हर, बायोसमधली एक सेटिंग, पाऊण तास आणि मावशीचा दोनदा चहा. फ्रेम परत बहात्तर. खर्च शून्य.

आणि खरी गंमत पुढेच आहे. तो पंचवीस हजार टाकून नवं कार्ड घेऊन आला असता, तर ते त्याच खालच्या स्लॉटमध्ये बसलं असतं. फ्रेम जवळपास तेवढ्याच. मग "प्रोसेसर वीक", मग "बोर्ड वीक"...

कार्डात खोट नसतेच असं मी म्हणत नाही. जीटी १०३० चं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये आलं तेव्हा मेमरी जीडीडीआर५, सेकंदाला ४८ जीबी. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ वाली आवृत्ती आली, सेकंदाला १७ जीबीसुद्धा नाही. नाव तेच, माल दुसरा. तिथे कार्डालाच शिव्या घाला, माझी ना नाही. पण तेही मोजूनच कळतं.

दुकानदाराला झोडपून मी थांबलो असतो. पण मंडळी, गुन्हेगार आपणही आहोत. त्याच मावसभावाला मी विचारलं, "कोणी तपासायचे हजार रुपये मागितले असते तर दिले असतेस?" तो म्हणाला, "नुसतं बघायचे हजार? वेडा आहे का!" पंचवीस हजारांचं खोकं घ्यायला हाफ डे आणि विचार करायला हजार रुपये जड. डॉक्टरला आपण निमूटपणे तपासणीची फी देतो. मेकॅनिकला मात्र फक्त पार्टचे पैसे. मग तो पार्टच विकणार ना! त्याचंही पोट आहे.

आणि आपण आयटीवाले तर कहरच. ऑफिसात सर्व्हर स्लो झाला की लॉग काढा, कालपासून काय बदललं ते शोधा, मूळ कारण लिहून द्या. घरी आलो की "जुना झाला, नवा घेऊ". "वेळ म्हणजे पैसा" वगैरे मला ऐकवू नका. पाऊण तास लागला. लॅमिंग्टन रोडला जायला घाटकोपरहून दादर, गाडी बदलून ग्रँट रोड, मग चालत... नुसत्या जाण्या-येण्यातच दोन तास.

तेव्हा एवढंच करा. पीसी स्लो वाटला तर खिशात हात घालण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा. कार्डाचा वापर किती टक्के, तापमान किती आणि शेवटचं कोणी काय हलवलं. जमत नसेल तर जमणाऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या.

माझी फी अजून बाकी आहे. मावशीने पुढच्या रविवारी पुरणपोळी कबूल केलीये. काकांना मात्र हिशेब अजून पटलेला नाही. "काही विकत आणलं नाही, मग दुरुस्त काय केलंत?" असं विचारत होते.