सोपे कायदे कोणासाठी?

करपद्धती सोपी करा आणि उद्योगधंद्यांवरील सरकारी देखरेख सैल करा, या दोन मागण्या गेली कित्येक वर्षे एका दमात केल्या जात आहेत. व्यापारी संघटनांच्या ठरावांत आणि अर्थसंकल्पावरील भाषणांत त्या अशा जोडीने येतात की, पहिली मान्य करणाऱ्याने दुसरीही मान्य केलीच पाहिजे असा समज व्हावा. वास्तविक त्या दोन भिन्न मागण्या आहेत. पहिली समाजवाद्यांनी आपली म्हणून उचलली पाहिजे. दुसरी पारखून घेतली पाहिजे. हा विवेक न केल्यामुळे चळवळीची अवस्था चमत्कारिक होते. ती एक तर प्रत्येक किचकट कायद्याची कैवारी ठरते, नाही तर भांडवलदारांना मिळणाऱ्या प्रत्येक सवलतीपुढे निरुत्तर होते.

किचकट कायदा हा स्वतःच एक कर असतो, आणि तो ऐपतीच्या उलट प्रमाणात बसतो. मोठ्या कंपनीजवळ हिशेबनीस आणि वकील यांची फौज असते. कायद्यातील प्रत्येक पोटकलम तिला पळवाट म्हणून उपयोगी पडते. छोट्या दुकानदाराला किंवा कारखानदाराला तेच पोटकलम सापळा ठरते. म्हणून कायदा सुबोध असावा ही मागणी मुळात दुबळ्यांची आहे. ती धनिकांच्या तोंडी गेली, यात दोष दुबळ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आहे.

१ जुलै २०१७ रोजी लागू झालेल्या वस्तू व सेवा कराकडे या दृष्टीने पाहावे. उत्पादनशुल्क, मूल्यवर्धित कर, सेवाकर, जकात अशा अनेक करांची जागा त्याने घेतली. मुंबईच्या वेशीवरील जकातनाके उठले, ही सोय खरीच होती. पण ‘एक देश, एक कर’ अशी घोषणा देत प्रत्यक्षात ५, १२, १८ आणि २८ टक्के असे चार मुख्य दर आणि वर अधिभार अशी रचना उभी राहिली. मक्याच्या लाह्या सुट्या विकल्या तर ५ टक्के, वेष्टनात घालून नाव छापले तर १२ आणि साखरेच्या पाकात घोळल्या तर १८, असा खुलासा डिसेंबर २०२४ मध्ये करण्यात आला. त्यावर लोक हसले. परंतु सगळ्याच गोष्टी हसण्यावारी नेण्यासारख्या नव्हत्या.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागधारकांचे उदाहरण घ्यावे. कृत्रिम धाग्याच्या सुतावर प्रथम १८ व ऑक्टोबर २०१७ पासून १२ टक्के कर होता. त्यापासून विणलेल्या कापडावर मात्र ५ टक्के. सूत विकत घेऊन कापड काढणाऱ्याने भरलेला कर त्याने वसूल केलेल्या करापेक्षा अधिक होई. ही तफावत परत मिळण्याची सोय कापडापुरती जुलै २०१८ अखेरपर्यंत नव्हतीच. सूतगिरणीपासून शिलाईपर्यंत सारे एका छत्राखाली चालविणाऱ्या मोठ्या उद्योगाला हा जाच नव्हता, कारण त्याचे सूत बाजारात येतच नव्हते. करातील एका विसंगतीने लहानाचे भांडवल अडकले आणि मोठ्याला आपोआप झुकते माप मिळाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ आणि १८ हे दोन मुख्य दर व मोजक्या वस्तूंवर ४० टक्के अशी फेररचना झाली. कृत्रिम धाग्याचे सूतही ५ टक्क्यांवर आले. सुधारणा स्वागतार्ह आहे, पण तिला आठ वर्षे लागली. एवढा काळ तग धरण्याइतके भांडवल प्रत्येक मागवाल्याजवळ नसते.

सुलभीकरणाचे दुसरे रूप अधिक सावधपणे पाहावे लागते. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. सवलतींनी पोखरलेल्या कायद्यात असा दर कागदावरच राहतो आणि काळा पैसा वाढवतो, हे वांछू समितीने १९७१ मध्येच सांगितले होते. त्याही आधी १९५६ मध्ये निकोलस काल्डॉर यांनी प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ४५ टक्क्यांवर आणावा, पण जोडीला संपत्ती, भांडवली नफा, देणग्या आणि खर्च यांवर कर बसवावेत, असे सुचविले होते. दर माफक, पाया रुंद आणि पळवाटा बंद, हे त्या सूचनेचे सार. समाजवाद्यांना मान्य व्हावे असे खरे सुलभीकरण तेच होय.

घडले ते निराळेच. मृत्युकर १९८५ मध्ये गेला. संपत्तिकरातून १९९३ पासून शेअर्ससारखी उत्पादक मत्ता वगळण्यात आली. म्हणजे आधुनिक श्रीमंती जिथे साठते तोच भाग मोकळा सुटला. पुढे २०१५ च्या अर्थसंकल्पात, वसुली जेमतेम १,००८ कोटींची असल्याचे सांगून तो करच रद्द झाला. आधी पोकळ करायचे आणि मग पोकळ आहे म्हणून मोडायचे, असा हा न्याय आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ दर, सवलती सोडण्याच्या अटीवर, ३० वरून २२ टक्क्यांवर आला. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल, हा अंदाज सरकारचाच. २०२३-२४ मध्ये कंपनीकरातून सुमारे ९ लाख ११ हजार कोटी आले, तर व्यक्तींच्या प्राप्तिकरातून १० लाख ४० हजार कोटींहून अधिक. व्यक्तींचा वाटा कंपन्यांच्या वाट्याहून मोठा होणे याला सुलभीकरण म्हणता येणार नाही. ते भाराचे स्थलांतर आहे.

देखरेखीच्या प्रश्नातही असाच भेद करावा लागतो. कोणी काय आणि किती उत्पादन करावे याचे परवाने १९९१ मध्ये बहुतांशी संपले. ते संपले याचे दुःख करण्याचे कारण नाही, कारण त्या परवान्यांनी मक्तेदारांचेच रक्षण केले होते. परंतु बाष्पकाची तपासणी, विषारी वायूवरील नियंत्रण, कामाचे तास आणि वेतनाची हमी यांना परवानाराज म्हणणे ही फसवणूक आहे. भोपाळनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला; २०२३ च्या जनविश्वास कायद्याने त्यातील उल्लंघनासाठी तुरुंगवासाऐवजी दंड ठरविला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर नेली आणि टाळेबंदीपूर्व परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० केली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन माणसे मेली. तेथे निरीक्षकांचा सुळसुळाट झाला होता, असे कोणी म्हणू शकेल काय?

निरीक्षक लाच घेतो ही तक्रार खोटी नाही. पण चौकीदार चोर निघाला म्हणून दार उघडे टाकण्याचा सल्ला शहाणा माणूस देत नाही. तपासणीचा अहवाल कारखान्याच्या दारावर लावावा, तपासणीच्या वेळी कामगारांचा प्रतिनिधी हजर असावा, रिकाम्या जागा भराव्यात. उघड्यावर होणाऱ्या तपासणीत लाच घेणे कठीण जाते.

कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील लहान व्यापारी आणि मागवाले यांच्याकडे जावे, त्यांचे अडलेले परतावे आणि नोटिसा समजून घ्याव्यात आणि त्या प्रश्नावर कर कार्यालयावर न्यावयाच्या मोर्चात कामगारांनाही सामील करून घ्यावे. कायदा लहानांना समजेल इतका सोपा असावा आणि मोठ्यांना चुकवता येणार नाही इतका पक्का असावा, ही एकच मागणी आहे. तिचे पहिले अर्धे वाक्य घेऊन दुसरे विसरणाऱ्यांशी समाजवाद्यांचा झगडा आहे.